निम्म्या हप्त्याचा मोह आणि पंचावन्नावे वर्ष

ताई, नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, वय ३२. गेल्या महिन्यात स्टुटगार्टच्या एका कंपनीत रुजू झालो. ही माझी जर्मनीतली पहिलीच नोकरी, पगार वर्षाला ८४,००० युरो. बायको तीन महिन्यांनी येईल. आल्यावर ती आधी जर्मन शिकेल, नोकरीचे मग बघू. तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. वर्षा-दोन वर्षांत मूल व्हावे असा विचार आहे. इथल्या एका एजंटाने मला प्रायव्हेट आरोग्य विमा सुचवला आहे. महिन्याला ५२० युरो, त्यातले निम्मे कंपनी देणार. पब्लिकमध्ये माझ्या वाट्याला साडेसहाशेच्या आसपास येतात. २०२३ मध्ये मला मुतखडा झाला होता, पुण्यात दोन दिवस ॲडमिट होतो. ते अर्जात लिहू नका असे एजंट म्हणतो. आइंडहोव्हनचा माझा मित्र सांगतो की नेदरलँड्समध्ये सगळ्यांचाच विमा प्रायव्हेट कंपन्यांकडे असतो, आणि मधुमेह असूनही त्याला इतरांइतकाच हप्ता पडतो. मग जर्मनीतलेच लोक प्रायव्हेटला का घाबरतात? दोन-तीन वर्षांत माझीही तिकडे बदली होऊ शकते. एचआरला महिनाअखेर कळवायचे आहे. शिवाय आईबाबा उन्हाळ्यात येणार आहेत, त्यांना माझ्या विम्यात घेता येईल का?
— एक वाचक, स्टुटगार्ट

नमस्कार. महिनाअखेर जवळ आहे म्हणून उत्तर आधी देते, कारणे नंतर. पब्लिकमध्येच जा. टीके, एओके, बार्मर किंवा तुम्हाला सोयीची वाटेल ती क्रांकनकासे, म्हणजे पब्लिक विमा देणारी संस्था, निवडा आणि अर्ज याच आठवड्यात करा.

घाई करायला सांगते आहे त्याला कारण आहे. २०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० युरोंपेक्षा जास्त पगार असणाऱ्यांना पब्लिक विमा सक्तीचा नाही. तुम्ही त्या रेषेच्या वर आहात, म्हणूनच एजंट तुमच्यापर्यंत पोचला. पण स्वखुशीने पब्लिकमध्ये शिरायचे तर जर्मनीतली पहिली नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. त्यातला एक महिना गेला. एजंटाने ही मुदत तुम्हाला सांगितल्याचे पत्रात कुठे दिसत नाही, आणि हे मला फार खटकले. पब्लिकमधून प्रायव्हेटमध्ये तुम्ही पुढच्या वर्षी जाऊ शकता, पाच वर्षांनीही जाऊ शकता. उलट बाजूने यायचे तर ते तुमच्या इच्छेवर राहत नाही.

आता पैशांचे बघू, कारण मोह तिथेच आहे. पब्लिकचा मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेचा जास्तीचा दर, तो यंदा सरासरी २.९ टक्के धरला आहे. हे साडेसतरा टक्के पूर्ण पगारावर लागत नाहीत, महिन्याच्या ५,८१२.५० युरोंपर्यंतच लागतात. म्हणजे कमाल हप्ता १,०१७ युरोंच्या आसपास, निम्मा कंपनीचा, निम्मा तुमचा. तुमचे झाले ५०८.५९. शिवाय म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा, तिकडे ज्याला फ्लेगे म्हणतात तो, मूल नसलेल्या माणसाला १३९.५० युरो. बेरीज ६४८. एजंटाच्या योजनेत तुमच्या खिशातून २६० जाणार. महिन्याला ३८८ युरो वाचतात, वर्षाला साडेचार हजारांवर. हा फरक खरा आहे आणि एजंट इथे खोटे बोलत नाही.

पण हा हिशेब एकट्या माणसाचा आहे. पुण्यात कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बायको आपोआप येते, थोडे पैसे भरून आईवडीलही येतात. जर्मनीतल्या प्रायव्हेटमध्ये डोई हप्ता असतो, आणि तो वय आणि तब्येत बघून ठरतो. पब्लिकमध्ये मात्र नोकरी न करणारा जोडीदार आणि मुले तुमच्याच हप्त्यात येतात, वेगळा एक सेंटही लागत नाही. तुम्ही प्रायव्हेटमध्ये गेलात की बायकोलाही, नोकरी नसताना, प्रायव्हेटच घ्यावे लागेल. समजा थायरॉइडमुळे थोडा वाढवून तिला ५५० चा हप्ता सांगितला आणि पुढे बाळाचा १८०. तिघांचे १,२५० झाले. कंपनी कुटुंबासाठीही वाटा देते, पण तिचा हात पब्लिकच्या कमाल वाट्यापाशी थांबतो. फ्लेगेसकट ६१३ युरो. तुमच्या खिशातून गेले ६३७. मूल झाल्यावर पब्लिकमध्ये तिघांसाठी मिळून तुम्हाला पडतील ६१३. बचत गेली, आणि अजून दुसऱ्या मुलाचा विषयच निघालेला नाही. बायकोचा आणि बाळाचा आकडा मी अंदाजाने घातला आहे. एजंटाकडून तो लेखी मागा आणि हीच बेरीज स्वतः करा. ५२० च्या योजनेत दर वर्षी पहिले किती युरो तुमच्या खिशातून जाणार हेही विचारा. कायद्याने ही रक्कम ५,००० पर्यंत ठेवता येते, आणि हप्ता कमी दिसण्याचे कारण बऱ्याचदा तेच असते.

बाळंतपणाचे बारकाईने बघा. प्रायव्हेट कंपनीला बाळंतपणासाठी आठ महिन्यांपर्यंतचा वेटिंग पिरियड ठेवायची मुभा आहे. अर्ज करतेवेळी बायको गरोदर असेल तर कंपनी सरळ नकारही देऊ शकते. पब्लिकमध्ये वेटिंग पिरियड नाही, थायरॉइडची चौकशी नाही, ती आली आणि नाव नोंदवले की झाले. प्रायव्हेटच्या बाजूने एक चांगला नियमही सांगितला पाहिजे. आई किंवा वडील तीन महिन्यांपासून विमेदार असतील आणि जन्मानंतर दोन महिन्यांत अर्ज दिला, तर नवजात बाळाला कोणतीही तपासणी न करता जन्मदिवसापासून घ्यावेच लागते. बाळ आजारी जन्माला आले तरी.

पुढे बायकोला नोकरी लागली आणि पगार त्या रेषेच्या खाली असला, तर ती पब्लिकमध्ये जाईल. बाळही तिच्यासोबत फुकट जाईल असे अनेकजण गृहीत धरतात. तसे होत नाही. प्रायव्हेटमधल्या पालकाची कमाई रेषेच्या वर असेल आणि दुसऱ्या पालकापेक्षा जास्त असेल, तर मूल पब्लिकच्या फुकट समावेशात बसत नाही. तुम्ही मुलासाठी घरी राहायचे ठरवलेत, तर बिनपगारी काळात कंपनीचा वाटा थांबतो आणि प्रायव्हेटचा हप्ता चालूच राहतो.

आता पंचावन्नाव्या वर्षाबद्दल. पंचावन्नच्या आत पगार रेषेखाली आला, किंवा नोकरी जाऊन बेकारभत्ता सुरू झाला, तर माणूस पुन्हा पब्लिकच्या सक्तीत येतो. रेषाही दर वर्षी सरकते: २०२४ मध्ये ६९,३००, २०२५ मध्ये ७३,८००, यंदा ७७,४००. पगार तेवढा वाढला नाही की लोक नकळत खाली येतात. काही एजंट अशा वेळी पब्लिकच्या सक्तीतून सूट मागणारा अर्ज भरून घेतात. ती सूट त्या नोकरीपुरती मागे घेता येत नाही, म्हणून असल्या कागदावर सही करू नका. पंचावन्ननंतर मात्र, आधीची पाच वर्षे पब्लिकच्या बाहेर काढलेल्या माणसाला दरवाजा जवळजवळ बंदच होतो. तरुणपणी स्वस्तात बाहेर राहायचे आणि आजारांच्या वयात सगळ्यांच्या वर्गणीत परत यायचे, हे होऊ नये म्हणून तो नियम आहे. मला तो न्याय्य वाटतो. पण बत्तिसाव्या वर्षी सही करताना तो समोर ठेवलाच पाहिजे.

प्रायव्हेट म्हणजे मोकाट कारभार, असेही समजू नका. जर्मनीत सुमारे दहा टक्के लोकांचा संपूर्ण विमा प्रायव्हेट आहे आणि तो कडक नियमांत चालतो. कंपनी आजारपणामुळे तुमचा विमा बंद करू शकत नाही. तरुणपणीच्या हप्त्यातला काही भाग म्हातारपणासाठी राखीव ठेवावा लागतो; शिवाय २००० सालापासून एकविसाव्या ते साठाव्या वर्षापर्यंत दहा टक्के अधिभार त्याच कामासाठी घेतला जातो. हप्ता वाढवायचा तर प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा ठरावीक टक्क्यांनी पुढे गेला असे दाखवावे लागते, आणि स्वतंत्र विश्वस्ताची मंजुरी लागते. २००९ पासून प्रत्येक कंपनीला एक मूळ योजना ठेवावी लागते, तिचे लाभ पब्लिकइतके, हप्त्याला पब्लिकच्या कमाल हप्त्याची मर्यादा, आणि पात्र माणसाला आजारामुळे नकार नाही. २०१२ च्या डिसेंबरपासून बाई आणि पुरुष यांना वेगळा हप्ता लावता येत नाही. सोयीही आहेत. डॉक्टरांना प्रायव्हेट पेशंटचे बिल दरपत्रकाच्या साधारण २.३ पटीने लावता येते, त्यामुळे तज्ज्ञांची वेळ लवकर मिळते. करारात लिहिलेले लाभ सरकार बदलले म्हणून कमी होत नाहीत, पब्लिकचे होऊ शकतात. जोडीदाराचा फुकट समावेश बंद करावा ही चर्चाही तिथल्या राजकारणात अधूनमधून उठते. मी लिहिते आहे ते आजच्या नियमांवर.

इतके असूनही हप्ते वाढतात, कारण उपचार महाग होतात आणि राखीव पैशांवरचे व्याज कमी-जास्त होते. पब्लिकमध्ये पगार घटला की हप्ता घटतो. प्रायव्हेटला तुमच्या पगाराशी, पेन्शनशी काही देणेघेणे नाही. तुम्ही एकटे असता, पूर्ण निरोगी असता आणि चार-पाच वर्षांत कोल्हापूरला परतायचे नक्की असते, तर मी प्रायव्हेटला नाही म्हटले नसते. तेव्हाही एवढे सांगितले असते की देश सोडताना तो राखीव पैसा तुमच्या हाती पडत नाही, तो कंपनीतल्या बाकीच्या विमेदारांसाठी राहतो.

आता तुमच्या मित्राचा प्रश्न, आणि तो चांगला प्रश्न आहे. नेदरलँड्समध्येही २००५ पर्यंत जर्मनीसारखीच विभागणी होती. ठरावीक कमाईखालचे लोक सार्वजनिक फंडात, वरचे साधारण एक तृतीयांश लोक प्रायव्हेटमध्ये. १ जानेवारी २००६ ला त्यांनी ती भिंत पाडली. आता प्रत्येक रहिवाशाला मूळ विमा घ्यावाच लागतो आणि तो प्रायव्हेट कंपन्याच विकतात, पण त्यात काय काय मिळेल हे सरकार ठरवते. कंपनीला कोणालाही नाकारता येत नाही. एकाच योजनेसाठी बावीस वर्षांच्या पोरालाही तोच हप्ता आणि सत्तर वर्षांच्या मधुमेहीलाही तोच. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात, मात्र फॅमिली डॉक्टरची भेट आणि बाळंतपण त्यातून वगळले आहे.

मग मधुमेही माणूस कंपनीला परवडतो कसा? मालक कामगाराच्या पगारावर जी वर्गणी भरतो ती एका मध्यवर्ती निधीत जाते, आणि ज्या कंपनीकडे म्हातारे आणि जुने आजार असलेले लोक जास्त, तिला त्या निधीतून जास्त पैसे मिळतात. तुमच्या मित्राच्या मधुमेहाची किंमत अशी आधीच चुकती झालेली असते, म्हणून त्याला टाळण्यात कंपनीचा फायदा राहत नाही. या निधीशिवाय सारख्या हप्त्याचा नियम टिकणे किती अवघड असते ते आयर्लंडने पाहिले. तिथे १९९४ च्या कायद्याने प्रायव्हेट विमा कंपन्यांना सर्वांना सारखा हप्ता आणि खुला प्रवेश बंधनकारक केला. पण तरुण विमेदार असलेल्या कंपनीने म्हाताऱ्यांच्या कंपनीला पैसे द्यायचे की नाही यावर वाद पेटला, बूपा ही ब्रिटिश विमा संस्था त्यातून देश सोडून गेली, २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे पैसे देण्याची योजना रद्द केली, आणि कायमची व्यवस्था बसायला २०१३ उजाडले. डब्लिनला जायची वेळ आली तर हेही ध्यानात ठेवा की तिथे चौतिसाव्या वर्षानंतर पहिल्यांदा प्रायव्हेट विमा घेणाऱ्याला २०१५ पासून उशिराच्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के जास्त हप्ता लागतो.

युरोपियन युनियन एक असताना नियम इतके वेगळे कसे, असेही वाटेल. १९९२ च्या एका युरोपीय निर्देशाने विम्याचा बाजार खुला केला आणि १९९४ पासून सरकारांना हप्ते किंवा योजना आधी मंजूर करून घ्यायला सांगता येईना. त्याला एक अपवाद ठेवला: जिथे प्रायव्हेट विमा सार्वजनिक विम्याच्या जागी उभा राहतो, तिथे देशाला सर्वांच्या हितासाठी वेगळे नियम घालता येतात. जर्मनीचे राखीव निधी, मूळ योजना हे सारे त्या अपवादावर उभे आहे. नेदरलँड्सनेही आपल्या सक्तीच्या मूळ विम्यासाठी त्याचाच आधार घेतला. बहुतेक देशांत मात्र प्रायव्हेट विमा सार्वजनिक व्यवस्थेच्या भोवतीची फट बुजवतो. फ्रान्समध्ये डॉक्टरच्या ठरलेल्या फीचा साधारण तीस टक्के भाग पेशंटकडे राहतो, त्यासाठी जवळजवळ प्रत्येकाकडे पूरक विमा असतो, आणि २०१६ पासून खासगी कंपन्यांना कामगारांच्या पूरक विम्याचा निदान निम्मा हप्ता भरावा लागतो.

तुमच्या बदलीसाठी याचा अर्थ असा. आज पब्लिकमध्ये गेलात आणि पुढे आइंडहोव्हनला गेलात, तर तिथे नोंदणी झाल्यावर चार महिन्यांच्या आत मूळ विमा घ्या. हप्ता मागच्या तारखेपासून लागतो, म्हणून लांबवून काही वाचत नाही. जर्मन प्रायव्हेट घेतलेत तर मात्र बदलीच्या वेळी पेच पडेल: करार सोडायचा आणि जमलेल्या राखीव रकमेवर पाणी सोडायचे, की परत यायची जागा राखण्यासाठी दर महिना थोडे पैसे भरत राहायचे.

मुतखड्याबद्दल मी अजिबात मवाळ बोलणार नाही. प्रायव्हेटचा विचार कधीही केलात तरी तो लपवू नका. जर्मन विमा करार कायद्याप्रमाणे कंपनीने लेखी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे तुमची जबाबदारी आहे, एजंटाची नव्हे. जाणूनबुजून लपवल्याचे दिसले तर दहा वर्षांपर्यंत कंपनी करारातून मागे फिरू शकते. एक दिवस कमरेत कळ येईल, डॉक्टर विचारतील ‘पूर्वी झाला होता का?’, तुम्ही सहज ‘हो, २०२३ मध्ये’ म्हणाल, ते केसपेपरवर लिहिले जाईल आणि तोच कागद बिलासोबत कंपनीकडे जाईल. पुण्यातले डिस्चार्ज कार्ड आणि कॅशलेसची नोंदही कुठेतरी आहेच. नावाशिवाय चौकशी करायची प्रामाणिक पद्धत तिथे आहे: मध्यस्थ तुमचे नाव न सांगता आजाराची माहिती कंपन्यांना पाठवतो आणि कोण घेईल, किती जास्त लावेल हे विचारतो. जो ती सोडून ‘लिहू नका’ म्हणतो, त्याच्याकडून कोणताच विमा घेऊ नका. प्रायव्हेट विम्याच्या एका विक्रीवर साधारण नऊ-दहा महिन्यांच्या हप्त्यांइतके कमिशन मिळू शकते, आणि ती मर्यादासुद्धा २०१२ मध्ये कायद्याने घालावी लागली. दुसरे मत हवे तर फेरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक सल्ला केंद्रात थोडी फी भरून वेळ घ्या, तिथे विमा विकत नाहीत.

पब्लिकमध्ये गेल्यावर जे कमी वाटेल ते पूरक प्रायव्हेट विम्याने भरता येते. दातांसाठीचा घ्याच असे म्हणेन, कारण पब्लिकमध्ये कॅप आणि इम्प्लांटचा मोठा भाग आपल्यालाच भरावा लागतो. हॉस्पिटलात वेगळी खोली हवी असेल तर तोही मिळतो. या पूरक अर्जांतही तब्येतीचे प्रश्न असतात, तेव्हा मुतखडा आणि थायरॉइड दोन्ही लिहा.

आईबाबांना पब्लिकमध्येही घेता येत नाही आणि तुमच्या प्रायव्हेट करारातही ते बसले नसते. शेंगेन व्हिसासाठी त्यांना निदान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतोच. तो भारतातून घ्या किंवा जर्मनीतून, पण आधीपासूनच्या आजारांचे कलम शब्दन् शब्द वाचा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या तपासण्या आणि औषधे बहुतेक योजनांत नसतात, आणि त्याच आजारातून अचानक काही उद्भवले तर किती रकमेपर्यंत खर्च मिळेल हे योजनेगणिक बदलते. निघताना त्यांच्याकडे मुक्कामभर पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी द्या. चिठ्ठीत औषधाचे मूळ नाव हवे, आपल्याकडचे कंपनीचे नाव स्टुटगार्टच्या औषध दुकानात ओळखत नाहीत.